शिट्टीनंतरचा बार

“शिट्टी झाली की बार बंद,” गवस मास्तर म्हणाले. “मगे डुकर पुढ्यात येवन फुगडी घालूक लागलो, तरी चापाक बोट लावूचा नाय. आयकलात मा सगळे?”

खळ्यातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. वीसेक माणसं होती. चौघांकडे बंदुका, बाकीचे हाकारे. हाकाऱ्यांच्या हातांत काठ्या, पत्र्याचे डबे, एकाकडे फुटकी परात. रानाच्या एका टोकाने त्यांनी आरडाओरडा करत जनावर उठवायचं आणि दुसऱ्या टोकाला दबून बसलेल्या बंदुकवाल्यांच्या तोंडी द्यायचं, अशी आमच्या कुंभवण्याची पद्धत. दिवाळी नुकतीच झाली होती. खळ्याच्या खाली कापणीला आलेलं भात उभं होतं आणि त्यातले दोन कुणगे रानडुकरांनी पार लोळवून टाकले होते. त्या वर्षी वनखात्याने गावाला दोन डुकरं मारायची चिठ्ठी दिली होती. तिची मुदत रविवारी संपत होती.

“आजपर्यंत ढोल वाजायचो,” बाबलकाका म्हणाला. बाबल मेस्त्री हा बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. हाका संपला, हाकारे जवळ आले, आता कोणी बार काढू नये, याची खूण म्हणून पंधरा वर्षं त्याचाच ढोल वाजत आला होता. “आता म्हणे शिट्टी! डुकरांचो काय कबड्डीचो सामनो आसा, मास्तर?”

हशा झाला. मास्तर गावच्या शाळेत शिकवत आणि तालुक्यातल्या कबड्डीचे पंच असत.

“तुझ्या ढोलाचा कातडा कुजला, तुझ्या छातीत दमो भरलो,” मास्तर म्हणाले. “आता काय तुझी टाळू वाजवू?”

आणि त्यांनी खिशातून शिट्टी काढून सगळ्यांना दाखवण्यासाठी फुंकली.

कोंबड्या फडफडत गवताच्या उडवीखाली शिरल्या. फणसावरची पाखरं उडाली. बाबलकाकाने कानांवर हात दाबले. खळ्यातलं एकूण एक माणूस दचकलं.

बाबा पायरीवर बसून बंदुकीची नळी फडक्याने पुसत होते. ते पुसतच राहिले.

मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात आई उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. ‘बघितलंस?’ असं विचारावं तशी.

आदल्या दिवशी विहिरीवर तिने मला सगळं सांगितलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कोल्हापूरला कॉलेजात, सुट्टीसाठी घरी आलेली.

“पयले माका वाटला, माझा आयकूचा नाय म्हणान गप ऱवतत,” आई म्हणाली. “घोवान बायलेचा आयकला नाय, तर तेका कोण भैरो म्हणतलो? पण पमे, परवा मांजराची पिल्लां तेंच्या पायाबुडी वराडत होती. तेंका पत्तो नाय. बाप्यांचा बोलणा आयकाक येता, बैल हंबारलो तर येता. बारीक कायच येना नाय.”

मला ते ऐकून दचकायला झालं नाही. मला त्याचं कारणही माहीत होतं. कॉलेजात मी एनसीसीत होते. गोळीबार शिकवायला हवालदार फडतरे यायचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “पोरींनो, बंदूक दोन ठिकाणी लागते. एक समोर निशाणाला, दुसरी आपल्या कानाला. पहिली चुकते. दुसरी कधी चुकत नाही.” कानाच्या आत भाताच्या रोपांसारखं बारीक काही उभं असतं, प्रत्येक बाराला त्यातलं थोडं लोळतं, आणि लोळलेलं पुन्हा उभं राहत नाही, असं ते सांगायचे. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, बांगड्या, बायकांची बोलणी. माणसाला कळतही नाही. त्याला वाटतं, लोक हल्ली हळू बोलतात. “आणि कापूस घालू नका. कापूस म्हणजे नुसतं मनाचं समाधान.” त्यांनी आम्हाला रबराची बुचं दिली होती. मी मागून घेतलेला आणखी एक जोड कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत घालून घरी आणला होता.

बाबांनी पंचवीस वर्षं बार काढले होते. कान उघडे ठेवून.

“मगे लोकांक सांग ना,” मी आईला म्हटलं.

“कोणाक सांगू? तेंका गावात ‘नेमाचो गुणाजी’ म्हणतत. बंदूक गेली तर तो माणूस खांबाक टेकान बसतलो.” तिने कळशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. “ढोल होतो तवसर भय नव्हता. ढोल तेंका आयकाक येता. पण मास्तरांची ही शिट्टी... शिट्टीनंतर हाकारे बिनधास्त उठान येतत गो. एकादो तेंच्या पुढ्यात इलो तर? तू जा तेंच्यावांगडा. शिट्टी झाली की तेंका कळव. पण तेंका कळाक देव नको, की तू कळवतंस.”

संध्याकाळी मी डबी बाबांपुढे ठेवली. त्यांनी एक बूच काढून तळहातावर फिरवलं.

“ह्या खयच्या बाटलेचा?”

“कानातला. बार काढताना घालूचा.”

“आणि डुकराचा पाऊल कोण आयकतलो? तुझो उस्ताद?” ते हसले. “शिकारेत कान पयलो, पमे. डोळो मागसून. पावसाळ्यानंतरच्या रानात इसा पावलांपलीकडे दिसता काय?”

ते म्हणत होते ते खरंच होतं.

“मी येव उद्या तुमच्यावांगडा?”

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, “ये. पण तुझ्या कानात बुचां व्हयी. दोनय. नायतर घराक ऱव.”

तर आता खळ्यात मास्तर विचारत होते, “कोणाक काय इचारूचा आसा?” आणि मला बोलायची संधी होती. एक वाक्य पुरलं असतं. वीस माणसं, सगळी ओळखीची. कोणी बाबांना काका म्हणणारं, कोणी दादा. बाबा उठले, खांद्याला बंदूक लावली आणि सगळ्यांनी माना हलवल्या म्हणून त्यांनीही हलवली.

मी बोलले नाही.

रानाकडची वाट व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून चढते. बाबा पुढे, मी मागे. दव इतकं होतं की परकर पोटऱ्यांना चिकटत होता. चढ संपल्यावर बाबा थांबले, मान वर करून उभे राहिले.

“आज पाखरां गप आसत,” ते हळूच म्हणाले. “जनावर जवळ आसा.”

आमच्या डोक्यावर अंजनीच्या झाडात बुलबुलांचा थवा भांडत होता.

“बाबानू,” मी म्हटलं, “परत जावया?”

त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. हल्ली ते कोणी बोललं की तोंडाकडे पाहत. “कित्याक?”

“माका भय वाटता.”

“एनसीसीत गोळयो घालतंस, आणि डुकराक भियातंस?”

“शिट्टी झाली की मी तुमच्या गुडघ्यार हात ठेवतलंय.”

त्यांचा चेहरा बदलला. रागावतील असं मला वाटलं. “माका कान नाय काय?” त्यांनी विचारलं. मी खाली पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, आधीच्यापेक्षा मऊ. “ठेव. तुझे हात गार आसतत. जरा तेंका ऊब येयत.”

आमची जागा एका पडलेल्या किंजळीच्या खोडाआड होती. समोर वीस पावलांवर करवंदीची जाळी, आणि तिच्यातून डुकरांनी पाडलेली बोगद्यासारखी वाट. माणसाला तिच्यातून यायचं तर रांगतच यावं लागेल. ती वाट मागे वळून मेस्त्रीवाडीकडे उतरते, हे मला माहीत होतं. लहानपणी त्या जाळीतल्या करवंदांसाठी आम्ही तिकडूनच येत असू. बाबा खोडाला गुडघा टेकून बसले. मी त्यांच्या डाव्या अंगाला. त्यांनी दुनळीत एलजीची, म्हणजे जाड छऱ्यांची, दोन काडतुसं भरली आणि माझ्याकडे बघून स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घातल्यासारखी खूण केली.

मी बुचं घातली.

रान एकदम दूर गेलं. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची माणसं बोलतात तसं. माझा श्वास मात्र मोठा झाला, आवंढा गिळला तर तोही ऐकू येत होता. मी तिथे बाबांचे कान म्हणून आले होते, आणि बाबांनीच माझे कान बंद करायला लावले होते.

बराच वेळ काही झालं नाही. मुंग्या खोडावरून जात होत्या. मग बाबांचे खांदे ताठ झाले, त्यावरून मला कळलं, हाका सुरू झाला. मला काहीच नीट कळत नव्हतं. डबे, परात, आरोळ्या, सगळ्याचा मिळून एक पुसट गलका. यातून शिट्टी मला ऐकू येईल? कबड्डीची असली म्हणून काय झालं, मधे अर्धा मैल रान.

मी उजव्या कानातलं बूच काढलं आणि मुठीत धरलं. डावं का नाही, उजवंच का, याला काही कारण नव्हतं. उजव्या बाजूला बाबा होते. कुजबुजले तर कळावं, एवढंच.

एकदम सगळं आलं. “हो, हो, हो!” परातीवर टिपरं पडत होतं. डावीकडे कुठेतरी दूर बार झाला, लागोपाठ दुसरा. कोणीतरी ओरडलं, “गेलो, गेलो, व्हाळात गेलो!” म्हणजे जनावर दुसऱ्या बाजूने निसटलं होतं. बाबांनी मात्र दुनळीचे दोन्ही घोडे चढवले. बार त्यांना ऐकू आले होते. ‘गेलो’ ऐकू आलं नव्हतं.

आणि मग शिट्टी वाजली. एक लांब, दोन तोकड्या.

एक कान बंद असला की आवाज कुठून येतो ते कळत नाही. पण ती शिट्टी होती, यात शंका नव्हती. मी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी डावा हात बंदुकीवरून काढला, माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि पुन्हा बंदूक धरली. भिऊ नको, असं ते सांगत होते.

“शिट्टी झाली,” मी म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“बाबानू, शिट्टी झाली! बंदूक खाली करा!”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे नजर टाकली. “गप. आसा थंय,” ते पुटपुटले आणि गाल दस्त्याला टेकला. जाळी हलत होती. बोगद्याच्या आत, काळोखात, काहीतरी जमिनीलगत सरकत होतं. घुर्र. थांबलं. पुन्हा घुर्र, खर्र. जाडा, खोल, छातीतून येणारा आवाज. बाबांना ऐकू येणारा.

मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. रानात आठवेना. मग एकदम आमचं खळं डोळ्यांपुढे आलं, खळ्यातला बाक, आणि पावसाळ्याच्या दिवसांत त्या बाकावर ओणवा होऊन श्वास ओढणारा माणूस.

“बाबलकाका!” मी किंचाळले.

जाळीतून उत्तर आलं नाही. दम्याची उबळ आली की तो बोलू शकत नसे. आणि माझी किंकाळी बारीक होती. एकोणीस वर्षांच्या मुलीची. बाबांचं बोट चापावर वळलं.

मी उठले नाही, वळले नाही. होते तिथून दोन्ही हात खालून वर मारले. नळी माझ्या तळव्यांवर आपटून वर उडाली.

त्याला आवाज म्हणता येणार नाही. कोणीतरी उजव्या बाजूने मला पुसून टाकल्यासारखं झालं.

पुढचं काही वेळ मी फक्त पाहत होते. जाळीवरच्या ऐनाच्या फांदीची पानं खाली येत होती, हळूहळू, अजिबात आवाज न करता. बाबांचं तोंड माझ्याकडे वळलेलं. ते काहीतरी ओरडत होते. मग त्यांची नजर समोर गेली आणि तोंड उघडंच राहिलं.

जाळीतून बाबलकाका रांगत बाहेर आला. डोक्यावर पाला, मिशीत कोळिष्टकं. त्याने वर फांदीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्याचे ओठ हलताना दिसले. मी डाव्या कानातलं बूच उपटून काढलं.

“...दोन म्हयने कळ काढ, गुण्या मेल्या,” तो धापा टाकत म्हणत होता. “दम्यानच जातलंय मी. काडतूस फुकट कित्याक घालवतंस?”

मग तो तिथेच जमिनीवर बसला. त्याचा लेंगा ओला झाला होता. दवाने नव्हे.

माणसं धावत आली. सर्वांत पुढे मास्तर, शिट्टी अजून दातांत धरलेली.

“शिट्टीनंतर बार कोणी काढल्यान? कोणी काढल्यान बार?”

“डुकर होतो, मास्तर,” बाबलकाका म्हणाला.

“कसलो डुकर? डुकर व्हाळात गेलो.”

“दुसरो होतो. हो एवडो! माझ्या मागसून इलो. गुण्यान माका वाचवल्यान. इचारा तेका.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. एवढी माणसं एकदम बोलली की त्यांना काही सुधरत नसे. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर पुरलं असतं. बाबलकाकाने वाट करून दिलीच होती. गाव त्या वाटेने घरी गेलं असतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठी आली असती.

मी मान हलवली नाही. हलवायची नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. माझी मान हलेचना.

बाबांनी बंदूक मोडून उघडली. रिकामं काडतूस पाल्यात पडलं, भरलेलं त्यांनी काढून खिशात टाकलं. मग बंदूक आडवी करून मास्तरांच्या हातांत दिली.

“डुकर नव्हतो,” ते म्हणाले. “बाबल होतो. माका तुमची शिट्टी आयकाक येना नाय. सकाळी खळ्यात वाजवलात, तीय नाय. दोन वर्सां झाली. पाखरां आयकलंय नाय दोन वर्सां.”

माझ्या डोक्यात उजवीकडे एक शिट्टी वाजत होती. मला वाटलं, मास्तरच वाजवताहेत. पण त्यांनी ती केव्हाच खिशात घातली होती.

“ह्या आदी सांगूक जमला नाय, गुणाजी?” मास्तर म्हणाले.

बाबांनी त्यांच्या ओठांवरून वाचलं. “नाय जमला,” ते म्हणाले.

मास्तरांना पुष्कळ काही बोलायचं असावं. पण ते बाबलकाकाकडे वळले आणि ओरडले, “आणि तुका सांगितलेला ना, सगळ्यांवांगडा ये म्हणान? मधली वाट धरूक कोणी सांगितल्यान?”

“घर थंय जवळ आसा,” बाबलकाका म्हणाला. “माका लेंगो बदलूचो आसा.”

दोघे-तिघे हसले. हसता हसता त्यातल्या एकाला रडू फुटलं. त्याने तोंड फिरवलं.

माणसं पांगू लागल्यावर बाबा माझ्याजवळ आले.

“पमे, तुझ्या कानात बुचां होती मा?”

डाव्या कानाने मला ते ऐकू आलं. उजवीकडे फक्त ती शिट्टी. मूठ उघडली तर रिकामी होती. हात उडवले तेव्हा बूच कुठेतरी पाल्यात गेलं असणार. मी बाबांच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं. तिथे सदऱ्यावर बंदुकीच्या पट्ट्याची जुनी तेलकट रेघ होती.

“होती,” मी म्हटलं.

“दोनय?”

“दोनय.”

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वाकले आणि खोडाजवळचा पाला चाचपू लागले. रिकामं काडतूस शोधत असतील, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बंदूक आणि परवाना पोलीस ठाण्यात नेऊन दिला. आईला वाटलं होतं तसे ते खांबाला टेकून बसले नाहीत. मिरगाआधी त्यांनी बाबलकाकाचा ढोल नव्या कातड्याने मढवून आणला आणि पुढची दहा वर्षं हाका संपल्याची खूण त्यांनीच वाजवली. “माझ्या छातीवर गोळी झाडूची होती आणि तेच्या गळ्यात पडलो माझो ढोल,” असं बाबलकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला दोन महिन्यांनी तपासलं. उजव्या कानात फारसं काही उरलेलं नाही आणि जे गेलं ते परत येणार नाही, असं ते म्हणाले. उस्तादांनी सांगितलं होतं तेच. मी घरी कळवलं नाही. बाबांनी बंदूक दिली होती, पत दिली होती. त्यात आणखी हे कुठे ठेवायचं, ते मला सुचलं नाही. मग वर्षं गेली आणि सांगायची वेळही गेली. मी शिकत गेले. शिक्षिका झाल्यावर वर्गात माझ्या उजवीकडच्या भिंतीला टेबल लावून घ्यायचं, म्हणजे सगळ्या मुली डाव्या बाजूला येतात. लग्नाच्या पंगतीत टोक गाठायचं. रस्त्यावर कोणी बरोबर चालू लागलं की चपलेचं निमित्त करून अर्धं पाऊल मागे राहायचं आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूने पुढे यायचं. नवऱ्याला मी लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. ती शिट्टी अजून वाजते. एक लांब. तोकड्या नाहीत.

बाबा गेल्या महिन्यात गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. झोपेत गेले.

तेराव्याला खळ्यात माणसं जेवत होती. बाबलकाका आला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. दम्याने त्याला बाबांआधी नेलं नाही, याची त्याला शरम वाटत असावी. तो कोणाशी बोलेना. मी खळ्यातल्या बाकावर बसले होते. माझ्या उजव्या हाताला जागा होती, तिथे मी पदराने पुसून त्याला बस म्हटलं.

तो बसला नाही. नातवाचा खांदा सोडला, काठी टेकली आणि बाकाला वळसा घालून निघाला. पाच पावलं असतील. तेवढ्यात दोनदा थांबला. मग माझ्या डाव्या अंगाला येऊन, धाप टाकत, कसाबसा टेकला.

“हय जागा होती ना, काका.”

“तुझ्या बापसान सपत घातलेली आसा माका,” तो म्हणाला. “पमेच्या उजव्या अंगाक बसान बोलूचा नाय. तिका कळणा नाय, आणि ती सांगणा नाय.”

खळ्यात कोणीतरी वाढप्याला हाक मारली. परात वाजली.

“कदी?” मी विचारलं. “कदी घातली?”

“त्याच दिसा. तुझा बूच तेका पाल्यात गावला. रात्री माझ्याकडे इलो, ता मुठीत धरून. फाटेपर्यंत बसलो, पण सोडल्यान नाय.” त्याने काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरली. “रडत होतो गो गुण्यो. माझ्यासाठी रडलो नाय मेलो.”



“एकतीस वर्सां, काका. माका कदी बोलले नाय.”

“तू खय बोललंस?” बाबलकाका म्हणाला.

तो खोकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मी आठवू लागले. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंतची वाट, दर सुट्टीतली. माझ्या लग्नात मांडवाच्या दारात ते उभे होते ती जागा. सावंतवाडीच्या बाजारातून मासळी घेऊन येताना. इस्पितळाचा लांब व्हरांडा, शेवटच्या वर्षातला, एक हात भिंतीला आणि एक माझ्या खांद्यावर. सगळ्या जगाबरोबर चालताना मला अर्धं पाऊल मागे राहावं लागलं होतं. बाबांबरोबर तसं करावं लागलेली एक वेळ मी शोधत होते.

एकही आठवेना.